राजाला पृथ्वी दान करता येते का?

विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचे असते. गाई, सोने, धान्य, वस्त्रे, जे जे आपले ते सगळे. यावरून मीमांसकांनी एक अडचणीचा प्रश्न काढला. यजमान साधा गृहस्थ नसून सार्वभौम राजा असेल, तर त्याने पृथ्वीही दान करायची का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांतल्या सहाव्या अध्यायात याला नकार दिलेला आहे. भूमी सगळ्यांना सारखीच, म्हणून ती दक्षिणेत देता येत नाही. भाष्यकार शबरस्वामींनी हा मुद्दा आणखी ताणला. आपापल्या शेताचे मालक असलेली माणसे दिसतात. सगळ्या पृथ्वीचा मालक असलेला माणूस कुठे दिसत नाही. मग या बाबतीत राजात आणि इतरांत फरक तो काय? राजा जमिनीत पिकणाऱ्या धान्याचे रक्षण करतो म्हणून त्या धान्यातला एक भाग त्याला मिळतो. त्याचा हक्क तेवढ्यापुरता.

शास्त्रात दुसरा पक्षही आहे. जमीन आणि पाणी यांचा स्वामी राजाच, असे मानणारे ग्रंथकार आपल्याकडे होऊन गेले, आणि राज्यकर्त्यांना हे मत नेहमीच सोयीचे वाटले. तरी महाराष्ट्राच्या परंपरेत पहिल्या मताचे वजन मोठे आहे. मूळ पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला. जिंकलेल्या मुलुखातही राजाला फक्त कर घेण्याचा हक्क मिळतो, शेते ज्यांची त्यांचीच राहतात, असे तो मीमांसेचा आधार देऊन सांगतो. इंग्रजांच्या न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांसाठी हाच ग्रंथ प्रमाण मानला, आणि १९२६ मध्ये म. म. पां. वा. काणे यांनी त्याची साक्षेपी आवृत्ती काढली.

आता राजे नाहीत. त्यांच्या जागी विधानमंडळ आहे, आणि जमिनीबद्दलचा जवळजवळ प्रत्येक निर्णय तिथल्या कायद्यातून निघतो. म्हणून जुना प्रश्न नव्या तोंडाने विचारावा लागतो. लोकांनी निवडून दिलेले सभागृह भूमीचे मालक आहे की राखणदार? या प्रश्नाची उत्तरे ग्रंथांत शोधण्यापेक्षा पेण आणि रोहा या रायगडच्या दोन तालुक्यांत शोधावीत, कारण गेल्या नव्वद वर्षांत इथे दोन्ही भूमिका प्रत्यक्ष वठवून झाल्या आहेत आणि त्यांची फळेही दिसली आहेत.

पेणच्या पश्चिमेला खाडीकडे उतरत जाणारा भाग म्हणजे खारेपाट. वाशी, वढाव, दादर, रावे, हमरापूर ही त्यातली गावे. इथली बरीच शेती समुद्राकडून मिळवलेली आहे. खाडीच्या काठाने मातीचा बांध घालायचा, भरतीचे पाणी बाहेर अडवायचे, आणि आतल्या जमिनीतले मीठ पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे धुऊन काढायचे. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिचे दार बाहेर लोटून निघून जाते. भरती आली की तेच दार खाडीच्या पाण्याच्या दाबाने मिटते. खेकडे बांधाला बिळे पाडतात, बिळातून पाणी झिरपू लागते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच खांड पडते. एकदा खारे पाणी आत शिरले की त्या वर्षीचे भात जाते आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणून खांड पडल्याची हाक आली की गाव चिखल आणि पेंढा घेऊन बांधावर धावते. आपले शेत खांडीपासून लांब आहे म्हणून कोणाला घरी बसता येत नाही, कारण पाणी सातबारा बघून आत येत नाही.

अशा जमिनीचा मालक कोण, या प्रश्नावर परंपरेचे उत्तर अगदी स्वच्छ आहे. ज्याने झाडोरा तोडून शेत तयार केले त्याचे ते शेत, असे मनुस्मृती सांगते. ज्यांनी पडीक जमीन कसणुकीखाली आणली त्यांच्याकडून ती काढून घेऊ नये, असा कौटिल्याचा दंडक आहे. खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी जमीन नुसती साफ केली नाही, ती घडवली. तिथे श्रमाचा हक्क बाकी कोणत्याही हक्काच्या आधीचा आहे.

पण श्रमालाही मर्यादा असते. बांध लांबचा, उधाण मोठे, आणि गावातली तरणी माणसे मुंबईला कामाला. इथे राखणदाराची गरज पडते. १९४८ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने खार जमिनींचा कायदा केला, त्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले, आणि बांध बांधणे व राखणे ही गावाबरोबर सरकारचीही जबाबदारी ठरवली. १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने ही जबाबदारी आणखी स्पष्ट केली. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ अशा भाताच्या जाती दिल्या. कायदा, कचेरी आणि प्रयोगशाळा तिन्ही शबराच्या व्याख्येत चपखल बसतात. पिकाचे रक्षण, आणि त्या बदल्यात कर.

हे रक्षण ढिले पडले की काय होते, तेही खारेपाटाने पाहिले आहे. खांड वेळेवर बुजवली नाही की शेतात भरती-ओहोटी सुरू होते आणि काही वर्षांत तिथे तिवरांचे रान, म्हणजे कांदळवन, माजते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. किनाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. तिवरे मासळीची पैदास सांभाळतात आणि वादळी लाटांचा जोर मोडतात. मात्र ज्याचे शेत बांध फुटल्यामुळे तिवरांखाली गेले त्याची दोन्हीकडून कोंडी झाली. सातबारा त्याच्या नावावर, आणि कुऱ्हाड लावली तर गुन्हा. एक रक्षण वेळेवर झाले नाही म्हणून दुसऱ्या रक्षणाचा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आला. दोन्ही चांगल्या गोष्टी एकाच तुकड्यावर समोरासमोर येतात तेव्हा राखणदाराचे काम अधिक कठीण होते. तिवरे राखण्यात सगळ्या किनाऱ्याचे हित असेल, तर त्यासाठी गेलेल्या शेताची भरपाईही सगळ्यांनी द्यायला हवी. या हिशोबाची तरतूद कायदे करणाऱ्यांनीच करायची असते. न्यायालयाला ती करता येत नाही आणि शेतकऱ्याला तर नाहीच नाही.

राखणदाराच्या कामाची दुसरी बाजू शेजारीच दिसते. पेणला लागून अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात १९३० च्या सुमारास खोतांचा अंमल होता. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला वसुलीचा धनी. भाताचा मोठा वाटा त्याच्या खळ्यात जायचा, वर वेठ होती आणि नाना तऱ्हेचे फाळे होते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीच्या सभेत कुळांनी ठरवले की पिकाचा रास्त वाटा मिळेपर्यंत खोतांची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावे या निर्णयाला चिकटून राहिली, आणि संप १९३९ पर्यंत टिकला. सहा पावसाळे शेते ओसाड पडली. कुळांनी जंगलातली लाकडे फोडून, खाडीत मासे-खेकडे पकडून दिवस काढले. शेतकऱ्याने आपल्या हाताने शेत ओस ठेवणे ही कोकणात किती अवघड गोष्ट आहे, हे ज्याने मृगाच्या तोंडावर आवणाची घाई पाहिली आहे त्याला कळेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या संपाच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्या विधेयकाची रचना तत्त्वाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. खोताला वाजवी भरपाई मिळावी आणि जमीन प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्याला सरकारदरबारी थेट कब्जेदाराचा दर्जा मिळावा, असे त्यात होते. सरकारने जमीन स्वतःकडे घ्यायची नव्हती. मधला अडसर काढून बाजूला व्हायचे होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. पण १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा आला आणि पुढच्या वर्षापासून रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत तो लागू झाला. १९४८ च्या कूळकायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले.

या कूळकायद्यात एक छोटीशी व्याख्या आहे, वरकस जमिनीची. भाताच्या रोपांसाठी शेतकरी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, गवत, झाडांचे टाळ यांचे थर रचून आवणाच्या जागेवर ते पेटवतात, आणि त्या भाजलेल्या मातीत रोप चांगले धरते. हे टाळ आणि गवत मिळते ती डोंगरउताराची जमीन म्हणजे वरकस. कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की वरकस हातची गेली तर खाचरही निकामी होते, म्हणून त्यांनी ती कायद्यात नोंदवली. पुण्या-मुंबईच्या सभागृहात बसलेल्या माणसांनी कोकणातल्या शेतकऱ्याचा राब ओळखला होता. रक्षण करायचे तर आधी काय राखायचे ते नीट माहीत असावे लागते, आणि या कायद्यामागे ती माहिती होती.

खोतांचा हक्क काढून घेणे न्याय्य होते का, हा प्रश्न त्या काळी अनेकांनी प्रामाणिकपणे विचारला. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क, सनदा, दप्तरे असे सगळे खोतांच्या बाजूला होते. कौटिल्याचा जनपद वसवण्याचा अध्याय इथे पुन्हा उपयोगी पडतो. जे जमीन कसत नाहीत त्यांच्याकडून ती काढून कसणाऱ्यांना द्यावी, असे तो राजाला सांगतो. शबर आणि कौटिल्य एकत्र वाचले की एक सुसंगत भूमिका तयार होते. राजा जमिनीचा मालक नाही म्हणून तो ती आपल्या मर्जीने कोणाला देऊ शकत नाही. पण तो पिकाचा राखणदार आहे, म्हणून पीक आणि पिकवणारा यांच्यामध्ये कोणी उभे राहिले तर त्याला हटवणे त्याचे काम ठरते. दोन्ही गोष्टी एकाच कर्तव्यातून निघतात.

कूळकायद्याच्या कक्षेबाहेर मात्र बरीच माणसे राहिली. पेण-रोह्याच्या डोंगरकडेला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कुळाची नोंद ज्यांच्या नावावर होती त्यांना १ एप्रिल १९५७ फळला. कातकरी दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करत, जंगलात कात पाडत, कोळसा भाजत. त्यांचे नाव कुठल्याच दप्तरात नव्हते. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळवून देणारा १९७४ चा कायदा चांगला होता, पण तो ज्यांच्याकडे कधीकाळी जमीन होती त्यांच्यासाठी. आजही अनेक वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर वसलेल्या आहेत. घर आपले, चूल आपली, पण खालची जमीन परक्याची. भाव वाढले की जमीनमालक वाडीभोवती कुंपण घालतो. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तोवर ओटीपुढची वाट बंद झालेली असू शकते. गावठाण विस्ताराची तरतूद महसूल कायद्यात आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. भूमी सगळ्यांना सारखी, हे मीमांसकांचे कारण जर खरे मानायचे, तर त्याची पहिली कसोटी वाडीवरच लागते.

कायद्याने सगळे साधत नाही, हे ज्यांनी सर्वांत जोराने सांगितले ते दोघे याच भागातले. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्याचा. दोघेही गीतेचे उपासक, आणि दोघांनीही जमिनीची मालकी ईश्वराकडे सोपवली. वाटा मात्र निराळ्या.

गागोद्याच्या घरामागे फणस होता. फणस पिकला की लहानग्या विन्याला तो कधी खातो असे व्हायचे. आई आधी द्रोण भरायची आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायला लावायची. सगळ्यांना पोचला की मग घरातल्यांनी खायचा. देणारा तो देव आणि साठवून ठेवणारा तो राक्षस, असे तिने सांगितलेले विनोबांनी आयुष्यभर लक्षात ठेवले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली, तेव्हा त्याच विचाराला राष्ट्रीय रूप मिळाले. सारी भूमी गोपाळाची, अशी घोषणा घेऊन विनोबा तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर चालले. चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दानात मिळाली. तिच्यातली बरीच नापीक किंवा वादातली निघाली, बरीच वाटपाविना पडून राहिली. पाच कोटी एकरांचे लक्ष्य फार दूर राहिले.

आणि दानालाही शेवटी कायदा लागलाच. दान दिलेली जमीन कोणाच्या नावे चढवायची, घेणाऱ्याने ती विकली तर काय, यासाठी राज्यांना भूदान कायदे करावे लागले. विदर्भाला मध्य प्रदेशचा १९५३ चा कायदा लागू होता. महाराष्ट्राने १९६४ मध्ये ग्रामदान कायदा केला, आणि त्याच कायद्याच्या आधाराने गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने कितीतरी वर्षांनी आपली जमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करायचे ठरवले. दानाची प्रेरणा कायद्यातून येत नाही हे विनोबांनी दाखवले, आणि दान टिकवायला कायदा लागतो हे भूदानाच्या इतिहासाने दाखवले.

आठवल्यांनी मालकीहक्काला हातच लावला नाही. योगेश्वर कृषीत गाव मिळून एक शेत ठरवते. गावातली स्वाध्यायी कुटुंबे पाळीपाळीने त्या शेतावर राबतात, आणि त्या दिवशी राबणारा मजूर नसतो, पुजारी असतो. आलेले पीक देवाचे. त्यातून गरजूला मिळते ते प्रसाद म्हणून, त्यामुळे देणाऱ्याला गर्व नाही आणि घेणाऱ्याला लाज नाही. १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेंपलटन पुरस्कार त्यांना मिळाला तो या प्रकारच्या कामासाठी. श्रमाची पूजा होऊ शकते आणि मदत अपमानाशिवाय पोचू शकते, या दोन गोष्टी त्यांनी प्रत्यक्षात आणून दाखवल्या. सरकारी अनुदानाच्या रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नेमकी हीच गोष्ट मिळत नाही.

तरीही या मार्गाची सीमा स्पष्ट आहे. भक्तीने खांड बुजवता येते, उघाडीचे लोखंडी दार बसवता येत नाही. दानाने एका कातकऱ्याला घराची जागा मिळेल. सगळ्या वाड्या गावठाणात आणायच्या तर अधिसूचनाच निघावी लागते. भूमी ईश्वराची म्हटले तरी तिची राखण कोणी माणसांनीच करायची असते, आणि मोठी राखण संस्थांवाचून होत नाही. रोह्याचे चिंतामणराव देशमुख हे जाणून होते. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले, आणि त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले, यासाठी की गावातल्या माणसाला कर्जासाठी सावकाराच्या ओटीवर बसावे लागू नये.

सभागृहाने मालकाची भूमिका घेतली की काय घडते, ते पेणने २००६ नंतर पाहिले. संसदेने २००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा (सेझ) कायदा केला. त्याखाली उरण, पेण, पनवेल या तालुक्यांतल्या पंचेचाळीस गावांची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन महामुंबई सेझसाठी एका खासगी कंपनीला मिळवून द्यायचे राज्य सरकारने ठरवले, आणि त्यासाठी हत्यार वापरले १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे. सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकार कोणाचीही जमीन घेऊ शकते, हे तत्त्व राजाला भूमीचा स्वामी मानणाऱ्या पक्षाचे आहे. विश्वजित यज्ञातला प्रश्न इथे जसाच्या तसा उभा राहिला, फक्त दक्षिणा घेणारा बदलला होता.

गावांनी विरोध केला. आंदोलनाचे नेते प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि त्यांच्याबरोबर हजारो शेतकरी रस्त्यावर आले. पेणमधली बावीस गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. सरकारनेच ज्या जमिनीला पाणी द्यायचे कबूल केले होते, तीच जमीन आता सरकार मागत होते. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी या बावीस गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांनी मतदान करावे, असे देशात पहिल्यांदाच घडत होते. कौल प्रकल्पाच्या विरोधात गेला, संपादनाची मुदत उलटली आणि प्रकल्प बारगळला. पुढे संसदेने २०१३ मध्ये भूसंपादनाचा नवा कायदा केला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी आणि आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास हवा, अशा अटी त्यात आल्या. त्या अटींमागे ज्या आंदोलनांचा रेटा होता, त्यांत पेणचा वाटा आहे.

रोह्याची कथा जास्त गुंतागुंतीची आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोलाडजवळ कुंडलिकेवर डोलवहाळचा बंधारा आहे. त्याच्या कालव्यांमुळे रोहा-माणगावच्या खाचरांत उन्हाळी भात उभे राहते. कुंडलिकेला उन्हाळ्यात पाणी असते, कारण घाटावरच्या मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सुटते. आणि मुळशी धरणाखाली मावळ्यांची गावे बुडाली. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळचे शेतकरी त्याविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हाही वापरला गेला तो १८९४ चाच कायदा. म्हणजे रोह्याच्या चैत्रातल्या हिरव्या शेतात मावळातल्या बुडालेल्या शेताचा अंश आहे. त्यामुळे रोह्याचा शेतकरी दोषी ठरत नाही. पण एका गावाचे रक्षण दुसऱ्या गावाच्या पोटातून काढलेले असू शकते, एवढे तरी ओळखावे लागते. जैमिनी म्हणतो तशी भूमी सगळ्यांना सारखी असेल, तर भरपाईचे ऋण कागदावर फेडले तरी मनातून फिटत नाही. हेटवण्याच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडते आहे. धरण पेणच्या डोंगरात आहे, पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते, आणि कालवे खारेपाटापर्यंत पोचलेले नाहीत.

शेतकरी स्वतःच जमीन विकत असेल तर विधानमंडळाने काय राखायचे, असा प्रश्न इथे येतो आणि तो रास्त आहे. पेणपासून रोह्यापर्यंत महामार्गालगतची खाचरे बंगल्यांसाठी विकली गेली आहेत. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. म्हणजे जमीन हा बाजारातला इतर मालासारखा माल नाही, हे महाराष्ट्राच्या कायद्याने मान्य केलेले आहे. पण विकणाऱ्याला दोष देण्याआधी त्याचा हिशोब पाहायला हवा. २०२३-२४ च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. एक पीक, तेही पावसावर, लावणीला मजूर मिळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात भात उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, प्रोत्साहन रक्कम जाहीर झाली. अशी मदत लागतेच. पण ती दर वर्षीच्या घोषणेवर अवलंबून असेल तर शेतकरी तिच्या भरवशावर पुढच्या वर्षाची पेरणी ठरवू शकत नाही.

याच विधानमंडळाने याहून खोल विचार केल्याचे उदाहरण आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले, आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदारांच्या व्यवसायकरातून आणि तेवढ्याच सरकारी रकमेतून निघाला. कर कशासाठी, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर भारतातल्या कायदेमंडळांनी क्वचितच दिले असेल. मजुराला हे काम मेहेरबानी म्हणून मिळाले नाही, हक्क म्हणून मिळाले. १९९० पासून त्याच योजनेतून फळबागा उभ्या राहिल्या आणि कोकणातल्या उजाड वरकसांवर आंबा-काजू लागला. घोषणा आणि कायदा यांतला फरक शेतकऱ्याला नेमका कळतो. पहिल्यासाठी तो आमदाराकडे जातो, दुसऱ्यासाठी त्याला कोणाकडे जावे लागत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना काढली आणि नियोजनाचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले. सेझच्या वेळी जी गावे लढली त्यांच्या आसपासचा हा मुलूख. शहर कधी वाढूच नये, असे कोणी म्हणत नाही. पण नकाशा आधी आणि गाव नंतर, हा क्रम मालकाचा आहे. राखणदाराचा क्रम ग्रामसभेपासून सुरू होतो, आणि २००८ मध्ये पेणने तो पाळून दाखवला आहे. त्याच धर्तीवर या १२४ गावांत, कागद पुढे सरकण्याआधी, गावागावात मत घेता येईल. खारेपाटातले बांध वैशाखातच तपासून घेता येतील. तिवरांखाली गेलेल्या खासगी शेतांची मोजणी करून त्यांच्या भरपाईचा दर ठरवता येईल. हेटवण्याचे कालवे पुरे करता येतील. कातकरी वाड्यांच्या खालची जमीन संपादन करून ती गावठाणात घेता येईल, आणि भूसंपादनाचा अधिकार एकदा तरी भूमिहीनाच्या बाजूने वापरला जाईल. यातल्या बहुतेक कामांना नवा कायदा लागत नाही. १९७९ चा खार जमीन कायदा, महसूल कायद्यातली गावठाण विस्ताराची तरतूद, २००६ चा वनहक्क कायदा आणि २०१३ चा भूसंपादन कायदा आज लागू आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी पेण-रोह्याच्या आमदारांना येत्या अधिवेशनात सभागृहात मागता येईल.